अकराव्या अंकातला तोबियास

प्लासेतास,
रविवार, ११ सप्टेंबर १९४९

तीर्थरूप बाबांच्या चरणी निएवेसचा शि. सा. न. वि. वि.,

आधी एक चूक दुरुस्त करते, मग बाकीचं. २१ ऑगस्टच्या पत्रात मी तुम्हाला लिहिलं होतं की ‘खारी दरी’चा अकरावा अंक वाचून झाला, म्हातारा खेचरवाला तोबियास मिठागरातून जिवंत सुटला, आणि सिगारच्या कारखान्यातल्या सगळ्यांनी तंबाखूची पानं कापायची पाती टेबलांवर आपटून दालन दणाणून सोडलं. पाती वाजली हे खरं आहे. तोबियास सुटला हे खरं नाही. छापील अंकात तो मेला आहे. त्याला मी वाचवलं.

हे वाक्य लिहायला मला तीन आठवडे लागले. मागच्या पत्रांत मी तुकड्यातुकड्यांनी लिहिलं आणि तेही मला सोयीचं तेवढंच. म्हणून आता सलग लिहिते.

मे महिन्यात तुम्ही घशाच्या उपचारांसाठी आत्याकडे हवानाला गेलात आणि तुमच्या जागी मी काम करणाऱ्यांना वाचून दाखवायला मंचावर बसायला लागले, तेव्हा मालक म्हणाले होते की आता रेडिओच लावू या. तो खोकत नाही आणि त्याला कॉफी लागत नाही. बेचाळीस जणांनी एका आवाजात नाही म्हटलं. पण पोरीचं वाचन जमलं पाहिजे, ऐकणाऱ्यांना झोप लागता कामा नये, म्हणून वाचन समितीचे अध्यक्ष क्रेसेन्सिओ यांनी मतदान घेतलं आणि शुक्रवारच्या दुपारसाठी कादंबरीऐवजी मेक्सिकोहून येणारी ही बाहुल्यांची, म्हणजे चित्रांतून सांगितलेल्या गोष्टीची, चोपडी निवडून आली. तुम्ही तेव्हा लिहिलं होतं की चित्रं मोठ्याने वाचायची म्हणजे मुक्याचं गाणं गायचं. पण मला ते जमलं. चौकटीत कोण उभा आहे, कुणाच्या हातात काय आहे, सावली कुठे पडली आहे, हे मी आधी सांगते आणि मग बोलणं वाचते. गुरुवारच्या सान्ता क्लाराच्या बसने अंक येतो, क्रेसेन्सिओ तो वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्याकडे देतात. दुसऱ्या कोणी तो विकत घ्यायचा नाही, आधी वाचायचा नाही, असं सगळ्यांनी आपणहून ठरवलं आहे.

गोष्ट फेर्मिनची आहे. त्याचं गाव जाळणाऱ्या नऊ जणांना तो एकेक करून मारतो. प्रत्येकाला वेगळ्या तऱ्हेने. पहिल्या तीन अंकांनंतर मी स्वतःला सांगितलं की हे वाचणं पाप आहे, आणि चौथ्या अंकासाठी गुरुवारी बसथांब्यावर जाऊन उभी राहिले. बाबा, हे पहिल्यांदाच कुणाला सांगते आहे. मला किळस येते, आणि पान उलटायला हात आधीच पुढे गेलेला असतो. एका गुरुवारी घेवड्याची आमटी तळाला लागून काळी झाली तरी मला वास आला नाही.

तोबियास हा फेर्मिनचा सोबती. मागच्या खेचरावर बसून बडबड करणारा, कुठेही उतरला की आधी कॉफीचं भांडं शोधणारा. आपले वेन्सेस्लाओकाका पहिल्या बाकावर बसतात, सत्तरीतही त्यांच्या बोटांखालून पान सुरकुती न पडता जातं, ते हसून हसून म्हणायचे की हा चित्रकार कधीतरी प्लासेतासला येऊन आपल्याला बघून गेला असणार. सगळे त्यांना तोबियास म्हणायला लागले. तेही ओ देतात.

अकराव्या अंकात तोबियास शत्रूच्या तहानलेल्या पहारेकऱ्याला पाणी पाजतो. फेर्मिनला ती फितुरी वाटते. तो त्याला मिठागरात गळ्यापर्यंत पुरतो आणि त्याच्याच खेचरांचा तांडा त्याच्या अंगावर सोडतो. चार चौकटी आहेत. पहिलीत तोबियास हसतो, कारण त्याला ती थट्टा वाटते. चौथीत फक्त खुरांनी उकरलेलं मीठ आहे आणि बाजूला उलटलेलं कॉफीचं भांडं. भुवईचा एकेक केस काढला आहे, बाबा. ज्या माणसाने तो काढला त्याला तोबियास आवडत होता, हे दिसतं. म्हणूनच ते बघवत नाही आणि सोडवतही नाही.

मी दुसऱ्या चौकटीपर्यंत आले आणि मान वर केली. वेन्सेस्लाओकाकांचे हात थांबले होते. तुम्ही सांगायचात की सिगार वळणाऱ्याचे हात थांबले तर वाचणाऱ्याने पुढे जायचं, पुस्तक त्यासाठीच असतं. मी पुढे गेले, पण पुस्तकातून नाही. मी मिठागरावर पाऊस पाडला. मीठ विरघळलं, तोबियास ओरडत, शिव्या देत बाहेर आला, आणि फेर्मिनला लाज वाटली. इतकी पाती माझ्यासाठी याआधी कधी वाजली नव्हती.

त्यानंतरचे तीन अंक निघाले. बाराव्यात फेर्मिनच्या डोक्यावर तोबियासची टोपी आहे. तेराव्यात तोबियासची मुलगी बापाचा सूड घ्यायला निघते. मी सांगितलं की टोपी उसनी घेतली आहे आणि मुलगी बापाला घरी न्यायला आली आहे. एक मेलेला माणूस जिवंत ठेवायचा म्हणजे किती काम असतं हे मला ठाऊक नव्हतं. मी थकले आहे.

तुमच्या घशाला आराम पडो. आत्याला नमस्कार. रागवा, पण आशीर्वाद मागे घेऊ नका.

तुमची,
निएवेस


हवाना,
गुरुवार, १५ सप्टेंबर १९४९

चि. निएवेस हिस अ. उ. आशीर्वाद,

पत्र पोचलं. आवाज नसलेल्या माणसाने ओरडायचं कसं, असा प्रश्न पडला, म्हणून अक्षरं मोठी काढली आहेत. ती ओरडल्यासारखी वाच.

तू पाच वर्षांची असताना स्वयंपाकघरात तंबाखूच्या रिकाम्या खोक्यावर उभी राहून वाचायचीस. एक शब्द गाळलास की पान पहिल्यापासून. तुझी आई म्हणायची, पोरीचे पाय दुखतात. मी म्हणायचो, दुखू देत. ते मी तुला शाळेत पाठवायला जमत नव्हतं म्हणून करत नव्हतो. छापलेलं असेल ते, छापलं असेल तसं. आपल्या धंद्यात दुसरा नियमच नाही. दुपारी दोन ते तीन तुझी जीभ तुझी नसते, त्या बेचाळीस जणांची असते. त्यांनी मत देऊन ती गोष्ट मागितली. तू त्यांना दुसरीच दिलीस आणि शिक्का पहिलीचा मारलास.

आणखी एक. तू लिहितेस की वेन्सेस्लाओचे हात थांबले. वेन्सेस्लाओने एकोणीसशे सहाच्या वादळात दोन भाऊ पुरले आहेत. त्याला एक कागदाचा खेचरवाला पुरता आला असता. तू त्याला वाचवलं नाहीस, स्वतःला वाचवलंस.

रागाच्या भरात मी कोपऱ्यावरच्या टपरीतून पहिले चौदाही अंक आणले. कशावर रागवायचं ते तरी कळावं. अकरावा मी दवाखान्याच्या बाकावर बसून वाचला. माझा नंबर पुकारला तो मला ऐकू आला नाही आणि माझ्या मागचा माणूस आत गेला. अठ्ठावीस वर्षं मी खून वाचत आलो. विष, तलवार, फासाचा दोर. पण शब्दांत मेलेला माणूस ज्याला त्याला आपापल्या बेताने बघता येतो. हा चित्रकार ती मोकळीक देत नाही, डोकं धरून बघायला लावतो. मला त्याचा राग आला. मग मी बारावा उघडला.

ते असो. येत्या शुक्रवारी अकरावा अंक जसाच्या तसा वाच. माफी माग आणि पुढे चल. डॉक्टर काही ठरवून सांगत नाहीत, अजून थांबा म्हणतात.

तुझ्यावर माया आहे म्हणूनच अक्षरं मोठी आहेत, हे विसरू नकोस.

तुझा बाप,
अन्सेल्मो रिबाल्ता


प्लासेतास,
रविवार, २५ सप्टेंबर १९४९

तीर्थरूप बाबांस, दंडवत घालून निएवेसची विनंती की,

तुमचं पत्र शुक्रवारी सकाळी, १६ तारखेला मिळालं. दुपारी मी अकरावा अंक बरोबर नेला होता, पंधराव्याच्या खाली ठेवून. तो मी उघडला नाही. त्याऐवजी मी तोबियासला ताप आणला.

मला वाटलं, अंथरुणात मेला तर मेलाच, छापलेल्याशी मिळतंजुळतं होईल आणि कुणाला फार लागणारही नाही. तुम्ही हे वाचून डोकं हलवाल हे माहीत आहे. मीही हलवते आहे. पुढचा आठवडाभर कारखान्यात दुसरा विषय नव्हता. एकजण म्हणाला रम आणि मध द्यायला हवा. दुसरा म्हणाला, तुझ्या रममुळेच तुझा सासरा गेला, त्याला एरंडेल द्या. वेन्सेस्लाओकाकांनी संत लाझारोपुढे मेणबत्ती लावली आणि मला येऊन सांगितलं की ती पोरखेळ म्हणून लावली आहे, कुणाला बोलू नकोस. २३ तारखेला मी तोबियासला बरं केलं.

पण खरी गोष्ट यापुढची आहे. सोमवारी, १९ तारखेला, रांचुएलोहून एक नवा वळणारा आला. लिबोरिओ. तिशीचा, हाताने चलाख, बोलायला कमी. बायको आणि दोन खाटा घेऊन तो गावातच राहायला आला आहे. परवाचं वाचन संपलं, पाती वाजली, आणि तो उभा राहिला. अगदी नम्रपणे, टोपी हातात घेऊन त्याने मला विचारलं की प्लासेतासला हा अंक कुठल्या छापखान्यातून येतो. कारण रांचुएलोच्या कारखान्यातही हीच गोष्ट वाचतात आणि तिकडे तोबियास अकराव्या अंकात मेला, मिठागरात, खेचरांच्या पायाखाली. तो म्हणाला, त्या दिवशी आम्ही अर्धा तास कुणी पान कापलं नाही.

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं, बाबा. पण माझ्याआधी सगळं दालन उघडलं. कोणी म्हणालं, रांचुएलोत माणसंच काय, सिगारही तोंडात धरल्या धरल्या मरते. कोणी म्हणालं, तुमचा वाचक दुपारची दारू पिऊन वाचत असेल. क्रेसेन्सिओ तर उभेच राहिले. त्यांनी बजावलं की ही अन्सेल्मो रिबाल्ताची मुलगी आहे, या घरातून स्वल्पविराम गळत नाही, आणि या मंचाबद्दल शंका घ्यायची असेल तर रांचुएलोची बस चार वाजता सुटते. लिबोरिओने फक्त एवढंच म्हटलं की पुस्तक सगळ्यांना दाखवा, म्हणजे वाद मिटेल.

वाचणाऱ्याचं पुस्तक तपासायला मागणं म्हणजे केवढा अपमान, हे तुम्हाला मी सांगायला नको. तुमच्याकडे अठ्ठावीस वर्षांत कुणी मागितलं नाही. वेन्सेस्लाओकाकांनी आपलं पातं उचललं आणि जमिनीवर फेकलं. एकामागून एक सगळ्यांनी फेकली. फरशीवर लोखंडाचा तो आवाज वाचणाऱ्याचा धिक्कार करताना होतो असं तुम्ही सांगायचात. त्या दिवशी तो माझ्या बाजूने झाला.

आणि अंक माझ्या मांडीवर होता. सोळा तारखेपासून तो मी रोज बरोबर नेते, तिथे उघडत नाही.

काय करू ते सांगा. तुम्ही आधीच सांगितलं आहे, हेही मला माहीत आहे.

पाय चेपायला जवळ नाही, याची खंत आहे. माया राहू द्या.

तुमची,
निएवेस


हवाना,
गुरुवार, २९ सप्टेंबर १९४९

गोड गोड निएवेसला आत्याचे भरपूर पापे आणि आशीर्वाद, वि. वि.,

तुझं पत्र मी आधी फोडलं. तुझा बाप दवाखान्यात होता आणि पाकीट जाड होतं. एवढ्या जाड पाकिटात एकतर लग्न असतं नाहीतर लफडं. तुझं दुसरंच काहीतरी निघालं. वाचून झाल्यावर त्याला दिलं, डिंक लावून. त्याला कळलंच, पण तो बोलू शकत नाही. या आजाराचा तेवढाच फायदा.

पोरी, मी अकरा वर्षं तंबाखूच्या पानांच्या शिरा काढल्या आहेत. वाचणाऱ्याचं ऐकत ऐकत म्हातारी झाले. तुला म्हणून सांगते, आम्हाला निम्मं आठवायचं नाही. तोबियासला बोटीत बसव, वेराक्रूसला पाठव, तिथे त्याचं एखाद्या विधवेशी लग्न लाव. गोष्ट संपेल, माणसं नव्या गोष्टीत रमतील. ज्याने चित्रं काढली तो काही प्लासेतासला येऊन विचारणार नाही. एवढ्यासाठी स्वतःला कुरतडू नकोस. तू लहानपणी पाप कबूल करायला जायचीस तेव्हा घरी येऊन पुन्हा आठवून पुन्हा जायचीस. पाद्री बिचारा मागच्या दाराने निघून जायचा.

तुझ्या बापाचं काय विचारतेस. नियम सांगतो तुला आणि गुरुवारी टपरी उघडायच्या आत तिथे जाऊन उभा राहतो. परवा मी सूप वाढलं तर एका हाताने चमचा आणि दुसऱ्या हाताने तो फेर्मिन. चमचा कानाकडे गेला. मी एक अंक चाळून बघितला. चार पानं बघितली, देवाचं नाव घेतलं, आणि उरलेली बघितली. असलं कोण काढतं गं? आणि मग काय झालं त्या मुलीचं?

आता जे सांगायला हे पत्र लिहिलं ते सांगते. तो तुला कळवणार नाही. डॉक्टरांनी सोमवारी सांगितलं की आवाज येणार नाही. थोडा नाही, कुजबुजण्याइतकाही नाही. तो घरी आला, पाटीवर मला लिहून दाखवलं, आणि लगेच पुसलं. जणू पुसलं तर खोटं होईल. तेव्हापासून खिडकीशी बसतो. म्हणजे आता तो मंच तात्पुरता तुझा नाही, निएवेस. तो तुमच्या घराकडे राहिला तर तुझ्यामुळेच राहील.

म्हणून म्हणते, गप्प राहा. मी सांगितलं असं त्याला कळू देऊ नकोस.

पेरूची वडी बांधून पाठवते आहे. लठ्ठ हो जरा.

तुझी आत्या,
रोसेंदा


हवाना,
गुरुवार, ६ ऑक्टोबर १९४९

चि. निएवेसला बापाचे आशीर्वाद,

तुझं २५ तारखेचं पत्र दहा दिवस उशाशी आहे. या वेळी अक्षरं लहान आहेत. ओरडायचं नाही आहे.

डॉक्टरांचं रोसेंदाने तुला कळवलं असणार. तिच्या पोटात तीळ भिजत नाही आणि डिंक तिला धड लावता येत नाही. तेव्हा त्यावर जास्त लिहीत नाही. सकाळी उठल्यावर अजून एकदा घसा साफ करून बघतो. सवय.

मी विचार केला तो असा. डिसेंबरमध्ये वाचणाऱ्याची नव्या वर्षासाठी निवड आहे. आत्ता तू उठून सांगितलंस तर रागाच्या भरात ते तुला उतरवतील आणि मालक दुसऱ्याच दिवशी भिंतीला रेडिओ ठोकतील. एकदा ठोकला की तो निघायचा नाही. तुझा मंच जाईल आणि त्यांचं वाचनही जाईल. त्यापेक्षा रोसेंदा म्हणते तसं कर. तोबियासला कुठेतरी पाठवून दे, गोष्ट संपू दे, डिसेंबरची निवड होऊ दे. मग वाटलं तर सांग. लिबोरिओ तरुण आहे. थट्टा सोसेल. कारखान्यात नव्या माणसाची थट्टा होतेच.

मी काय लिहितो आहे हे मला समजतं. पंधरा सप्टेंबरला मी तुला काय लिहिलं होतं तेही पाठ आहे. तेव्हा मला वाटत होतं की परत येऊन मी स्वतः त्या खुर्चीवर बसेन. नियम खुर्चीवर बसून सांगायला सोपे असतात. आता मला एवढंच वाटतं की दुपारी दोन वाजता त्या दालनात आपल्या घरचा आवाज असावा. मी तो इथून ऐकतो, हसू नकोस. दोन वाजले की घड्याळाकडे बघतो आणि तू कुठल्या पानावर असशील ते ठरवतो.

तू आजवर माझं ऐकलंस, हेही ऐक.

कृपा करून काळजी घे. बापाला तुझ्याशिवाय कोणी नाही.

अन्सेल्मो


प्लासेतास,
रविवार, ९ ऑक्टोबर १९४९

तीर्थरूप बाबांच्या पायांवर डोकं ठेवून निएवेसचा नमस्कार वि. वि.,

तुमचं पत्र काल मिळालं. वाचून रडले. मग आत्याची पेरूची वडी खाल्ली. मग पुन्हा वाचलं. घशाबद्दल काय लिहावं ते मला येत नाही. तुम्ही शिकवलेल्या वाचनात त्यासाठी शब्द नव्हते. दोन वाजता मी कुठल्या पानावर असते ते आता दर रविवारी कळवत जाईन, म्हणजे तुम्हाला अंदाज करावा लागणार नाही. मंच राहिला तर.

तुम्ही म्हणता लिबोरिओ थट्टा सोसेल. थट्टा होती तेव्हा तो सोसत होता. त्याला अकरावा नंबर म्हणतात. ए अकरा, जरा दोरी दे. ए अकरा, आज कोण मेलं? कोणीतरी कागदाचं खेचर करून त्याच्या फळीवर ठेवलं, तेही त्याने खिशात घातलं आणि म्हणाला की मुलीला देतो. पण या आठवड्यात मुकादमाने त्याची बंडलं दोनदा उघडून तपासायला सुरुवात केली. वाचनाबद्दल खोटं बोलतो तो पानातही भेसळ करेल, असं तो सगळ्यांसमोर म्हणाला. शेजारच्या बाकावरच्या दोघांनी जागा बदलून घेतली. काल लिबोरिओने क्रेसेन्सिओंना सांगितलं की पुढच्या शनिवारी आपण परत जातो. रांचुएलोला त्याची जागा भरली गेली आहे, हे त्याची बायको मला बाजारात भेटली तेव्हा बोलली. ती मला काही दूषण द्यायला थांबली नव्हती. तिला वाटतं मी खरी आहे. ती मला विचारत होती की त्याच्यासारख्या सरळ माणसाला असलं काय सुचलं असेल, याआधी तो कधी असं बोलला नव्हता.

बाबा, तिथे मला अकराव्या अंकाचं पहिलं पान कळलं. तोबियासने पाणी पाजलं आणि त्याचा जो भरवसा करायचा त्यानेच त्याला फितूर ठरवलं. मी तो अंक पन्नास वेळा बघितला असेल, दर वेळी चौथी चौकट बघायला. फेर्मिनने त्याला विचारलंही नाही, हे पहिल्या पानावर स्पष्ट काढलं आहे. मला ते रक्तापुढे दिसलंच नव्हतं.

तेव्हा मी तुमचं ऐकणार नाही. असं आयुष्यात पहिल्यांदा लिहिते आहे. पंधरा सप्टेंबरचं तुमचं पत्र आणि सहा ऑक्टोबरचं पत्र मी टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. दोन्ही तुमचीच आहेत आणि दोन्हींत माझ्यावर माया आहे. पण पहिल्यात बेचाळीस माणसं आहेत. दुसऱ्यात फक्त आपण दोघं आहोत. आणि आता कारखान्यात त्रेचाळीस आहेत.

काय करणार ते क्रमाने लिहिते, म्हणजे मागाहून मला पळवाट राहणार नाही. क्रेसेन्सिओंकडून मी कादंबरीआधीचा अर्धा तास मागून घेतला आहे. कशासाठी ते सांगितलं नाही. त्यांनी हसत विचारलं की तोबियासला पुन्हा ताप आला का. मी उभी राहून आधी सांगेन की लिबोरिओ जे बोलला ते अक्षर न् अक्षर खरं होतं आणि मी जे वाचलं ते मी रचलेलं होतं. मग अकरावा अंक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचेन, चारही चौकटी. मग मंचावरून उतरून अंक लिबोरिओच्या फळीवर उघडा ठेवेन, आणि तिथून तो सगळ्यांच्या हातून फिरू दे असं सांगेन. आपल्याकडे असं कधी झालेलं नाही, पण न मागता दिलेलं पुस्तक तपासलं तर त्यात कुणाचा अपमान नाही. त्यानंतर मी दाराशी थांबेन आणि ते मत घेतील. पाती कुठे पडतील ते त्यांचं त्यांनी ठरवावं. रेडिओ आला तर तो माझ्यामुळे आला असेल, हेही तिथेच बोलेन.

काल आणि आज मी स्वयंपाकघरात ते पान मोठ्याने वाचून बघितलं. आधी आवाज फाटत होता. पाचव्या वेळेला फाटला नाही. खेचरांच्या खुरांच्या ओळीला मी आपोआप सावकाश झाले, तुम्ही व्हायचात तशी. आणि मला ते वाचायला आवडलं. वेन्सेस्लाओकाकांना दुःख होईल याची मला फारशी भीती उरलेली नाही, तुम्ही म्हणालात तसं ते सोसतील. भीती आहे ती मी ते चांगलं वाचेन याची. माणूस मरतानाचं पान चांगलं वाचणारी बाई कशी असते, हे मला माहीत नाही. तुम्ही अठ्ठावीस वर्षं वाचलंत आणि घरी येऊन माझी वेणी घातलीत, म्हणजे तसं असूनही माणसाला राहता येत असावं.

आत्याला सांगा की त्या मुलीचं काय झालं ते अठराव्या अंकात आहे, पण जेवताना बघू नकोस. तिचा राग माझ्यावर आणि तुमचा तिच्यावर निघू नये.

पोटच्या पोरीने शब्द मोडला तरी तिला आपली म्हणावं, एवढंच मागते.

तुमची,
निएवेस

ता. क. एक कबूल करायचं राहिलं. शुक्रवारी, नेहमीच्या वाचनाच्या वेळी हे करता आलं असतं. पण शुक्रवारपर्यंत तुमची तार येईल, आणि तार आली तर मी ऐकेन. उद्या सोमवारी दहा ऑक्टोबरची सुट्टी, कारखाना बंद आणि टपालही बंद. हे पत्र तुमच्या हाती बुधवारच्या आत पडणार नाही, हे मी पोस्टात विचारून घेतलं आहे. मी वाचणार आहे परवा, मंगळवार, ११ ऑक्टोबर, दुपारी दोन वाजता.